खाऱ्या वाऱ्यातील पत्रा : बागायती ट्रॅक्टराचे बाह्यांग, त्याचा इतिहास आणि जीर्णोद्धार

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे मुखाच्या पलीकडल्या तीरावर भाट्ये हे गाव वसले आहे. पूल ओलांडून पावसकडे जाणारा रस्ता याच गावावरून जातो. लांबच लांब पुळण, पुळणीच्या कडेने सुरूचे बन, टोकाशी झरी विनायकाचे देऊळ आणि बनाच्या पाठीशी माडांच्या बागा, असे या गावाचे स्थूल स्वरूप आहे. १९५५ साली येथे नारळ संशोधन केंद्र सुरू झाले. दापोलीस १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर ते त्या विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आले. १९८७ साली प्रसारित झालेली ‘प्रताप’ ही नारळाची जात, तसेच माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी इत्यादी पिके घेण्याची ‘लाखी बाग’ या नावाने प्रसिद्धीस आलेली पद्धती, यांमुळे भाट्ये हे नाव बागायतदारांस सुपरिचित आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नारळ नव्हे. माडांच्या दोन ओळींमध्ये सुमारे साडेसात मीटरांचे अंतर राखतात. त्या पट्ट्यात मोठा ट्रॅक्टर वळविणे अवघड आणि बैलजोडी पोसणे दिवसेंदिवस दुष्कर. तेथे उपयोगी पडते ते लहान यंत्र, म्हणजे बागायती ट्रॅक्टर अथवा त्याचाच भाऊबंद असलेला, मागून चालत हाकावयाचा पॉवर टिलर. या यंत्राच्या पत्र्याचा, म्हणजे बॉनेट, मडगार्ड, पट्ट्यावरील झाकण, बैठक इत्यादी बाह्यांगाचा हा विचार आहे. यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाचा इतिहास लिहितात. हे स्वाभाविक असले तरी त्यामुळे एक अन्याय होतो. इंजिन बिडाचे, जाड आणि तेलाने माखलेले असते. ते सहसा टिकते व त्याचे सुटे भाग दुसऱ्या यंत्रास लागू पडतात. एक-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र सर्वांत आधी नाहीसा होतो. आणि यंत्र कोणी बनविले, कोणासाठी बनविले, ते कोणकोणाच्या हातून गेले व कोठे डागडुजीस आले, याची साक्ष इंजिनापेक्षा पत्राच अधिक देतो.

बागायती ट्रॅक्टराची वंशावळ एका देशाची नाही. स्वित्झर्लंडमध्ये कोनराड फॉन मायेनबुर्ग याने १९१० च्या सुमारास फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याच्या यंत्राची एकस्वे मिळविली. जिनिव्हा येथील ‘सिमार’ या कारखान्याची लहान यंत्रे त्याच कल्पनेवर आधारलेली होती. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली न्यू साउथ वेल्समधील गिलगांड्रा येथे बापाच्या शेतावर याच दिशेने प्रयोग आरंभले. पुढे १९३८ साली इंग्लंडमध्ये जाऊन त्याने कारखाना काढला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथील बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली याने १९१६ साली एकचाकी मोटार-नांगराचे एकस्व घेतले. हा गृहस्थ व्यवसायाने छायाचित्रकार होता व घरची बाग नांगरण्याचे कष्ट वाचावेत एवढाच त्याचा मूळ हेतू होता! युरोपातील फिरत्या पात्यांची यंत्रे १९२० नंतर जपानात गेली. ओकायामा परिसरातील कारागिरांनी ती भातशेतीस जुळतील अशी बदलून घेतली आणि १९५० ते १९६५ या दीड दशकात तेथे त्यांचा लाखोंच्या संख्येने प्रसार झाला. भारतात, विशेषतः दक्षिणेत व पश्चिम किनाऱ्यावर, जे लहान यंत्र रुळले ते या जपानी शाखेचे. बंगळूर येथे १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशीच्या आणि केरळात १९७३ साली स्थापन झालेल्या सरकारी ‘काम्को’ने कुबोटाच्या सहकार्याने पॉवर टिलर बनविले. चार चाकांच्या भारतीय ट्रॅक्टराची कथा याहून थोडी आधीची आहे. फरिदाबाद येथून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो १९५९ साली.

या सर्व यंत्रांस आरंभी ‘देह’ असा नव्हताच. इंजिन, चाके, मूठ आणि अवजार, एवढाच त्यांचा संसार. ट्रॅक्टरास पत्र्याचे आच्छादन देऊन त्याचे रूप ठरविण्याची चाल १९३० नंतर अमेरिकेत पडली. जॉन डियर कंपनीने हेन्री ड्रायफस या आकल्पकाकडून आपल्या यंत्रांचे बाह्यांग ठरवून घेतले व ती यंत्रे १९३८ पासून बाजारात आली. पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरची, रेमंड लोवी याने रूप दिलेली यंत्रे आली. रंगाचा इतिहासही त्याच दशकातला. ॲलिस-चामर्सने १९२९ साली नारिंगी रंग स्वीकारला. इंटरनॅशनलने १९३६ साली करडा रंग टाकून तांबडा घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतील घरबागांसाठी जे लहान ट्रॅक्टर निघाले, त्यांनी हे रंग वारशाने उचलले. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १९४६ साली सुरू झालेल्या कारखान्याचा ‘व्हील हॉर्स’ तांबडा, इंटरनॅशनलचा १९६१ चा ‘कब कॅडेट’ पिवळा-पांढरा, जॉन डियरचा १९६३ चा ‘११०’ हिरवा. याच जॉन डियरने १९६९ ते १९७१ या अल्प काळात पांढऱ्या ट्रॅक्टरावर तांबडे, नारिंगी, पिवळे किंवा निळे बॉनेट देऊ केले होते. ते फारसे खपले नाही. पुढे अशी कित्येक यंत्रे धन्यांनी वा दुकानदारांनी हिरवी रंगविली. आज एखाद्या हौशी माणसाने तसल्या यंत्राचा हिरवा रंग खरवडून त्यावर नवा हिरवा चढविला, तर खालचा निळा थर कायमचा जातो आणि त्यासोबत एका फसलेल्या व्यापारी प्रयोगाचा पुरावाही जातो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणारी सर्वांत सामान्य हानी ती हीच.

महाराष्ट्रात शेतीच्या लोखंडी साधनांचा इतिहास ट्रॅक्टरापासून सुरू होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष होईल असे म्हणून शेतकऱ्यांनी तो घेण्याचे नाकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. १९१० साली औंधच्या प्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर कारखाना गेला व किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० पासून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाचा उगम याच व्यवसायात आहे. परंतु हा नांगर घाटावरच्या काळ्या जमिनीचा. कोकणातील जांभ्याची जमीन, डोंगरउतारावरचे कुणगे आणि खाडीकाठच्या बागा यांत त्याला फारसा वाव नव्हता. शिवाय खोती पद्धतीत जमीन कसणाऱ्या कुळास महाग अवजारात पैसा घालण्याचे कारण नव्हते. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनी ही स्थिती पालटली. जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली, पण ती तुकड्यातुकड्यांची. घरटी एक-दोन पुरुष मुंबईस, गावी म्हातारी माणसे व बायका, अशा घरात बैलांची जोडी बारमाही सांभाळणे जड जाऊ लागले. लहान यंत्राची निकड कोकणात निर्माण झाली ती या सामाजिक कारणांनी. यंत्राच्या आकर्षणाने नव्हे.

आता पत्र्याकडे वळू. भाट्ये येथील पत्रा पुणे-सोलापूरच्या पत्र्यापेक्षा वेगळ्या रीतीने मरतो. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, परंतु लोखंडाचा खरा शत्रू पाऊस नाही. पावसाचे पाणी उलट पत्रा धुऊन काढते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात व त्यांतील मीठ पत्र्यावर बसते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की ओलावा ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते शेकडा ३३ च्या आसपासच पाणी ओढू लागते. याचा अर्थ असा की, भाट्ये येथे वैशाखातल्या भर दुपारीही मिठाने माखलेला पत्रा पुरता कोरडा नसतो. गंज चढला की त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते. तो वरचा रंग उचलतो, रंगाखाली आणखी मीठ शिरते. क्लोराइडचे कण गंजाच्या तळाशी, निरोगी लोखंडाला लागून दडून बसतात. म्हणून वरचा गंज घासून रंग दिलेला पत्रा एका पावसाळ्यात पुन्हा फुगतो. कारागीर रंगाला बोल लावतो, धनी कारागिराला लावतो. दोष बहुधा दोघांचाही नसतो.

समुद्रापासून आत जावे तसतसे हवेतील मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते. पहिल्या काहीशे मीटरांतील घट सर्वांत मोठी असते. सुरूच्या बनाचे एक महत्त्व येथे आहे. पुळणीची वाळू अडविण्यासाठी लावलेली ही झाडे तुषारही अडवितात, आणि बनाच्या आडोशाच्या बागेत ठेवलेले यंत्र उघड्या पुळणीशेजारच्या यंत्राहून अधिक तगते. उलट, यंत्रावर झाप किंवा ताडपत्री घट्ट बांधून ठेवण्याची जी सार्वत्रिक चाल आहे, ती हितापेक्षा अहितच अधिक करते. आच्छादनाखाली दमटपणा कोंडतो आणि पावसाने मीठ धुऊन जाण्याची सोयही उरत नाही. भिंतीच्या झडीप्रमाणे वारा खेळेल असे अंतर राखून आडोसा केला तर गोष्ट वेगळी.

मिठाशी झगडण्याची विद्या या किनाऱ्यास नवी नाही. होड्यांच्या सांध्यांत कापूस भरून राळ व तेल यांनी ते बुजविणे, तळास चुना व तेल यांचा लेप देणे, पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून शाकारणे, ही कामे येथील कोळी व सुतार पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवीत, ती सालीतील टॅनिनमुळे कुजत नसत. हेच टॅनिन लोखंडाच्या गंजाशी संयोग पावले म्हणजे निळसर काळा, स्थिर असा थर तयार होतो. आजचे वस्तुसंग्रहालयांतील संरक्षणतज्ज्ञ गंजलेल्या लोखंडास टॅनिक आम्लाचा हात देतात तो या कारणाने. आपल्या जुन्या पोथ्या व दफ्तरे यांच्या परिचयातल्या अभ्यासकास ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. हिरडा आणि हिराकस यांपासून होणारी शाई म्हणजे रसायनदृष्ट्या तोच पदार्थ होय.

शेंदराची गोष्टही अशीच. परंपरेने ज्याला शेंदूर म्हणतात तो शिशाचा तांबडा भस्म. अळशीच्या तेलात खललेला हाच शेंदूर लोखंडावरचा पहिला हात म्हणून एकोणिसाव्या शतकापासून पूल, जहाजे व यंत्रे यांस जगभर देत आले. तेलाशी मिळून तो जे साबणासारखे संयुग बनवितो, त्याने गंज रोखला जातो. जुन्या ट्रॅक्टराच्या रंगाखाली जो नारिंगी-तांबडा थर लागतो तो पुष्कळदा हाच असतो. सप्तशृंग गडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने लेपन काढण्यात आले व आतील मूळ रूप दृष्टीस पडले, ही घटना वाचकांच्या स्मरणात असेल. थरावर थर चढत गेल्याने मूळ आकार झाकला जातो, पण झाकला गेल्यानेच तो सुरक्षितही राहतो. यंत्राच्या बाबतीत हा अनुभव अगदी लहान प्रमाणावर येतो. बॉनेटावरील बिल्ल्याखाली, बॅटरीच्या तबकाखाली, बैठकीच्या पाठीमागे किंवा वॉशराच्या चकतीखाली कारखान्यातला मूळ रंग नाण्याएवढ्या जागेत उरलेला सापडतो. बाहेरच्या रंगावर विसंबून मूळ रंग ठरविणे धोक्याचे आहे, कारण त्या काळचे कित्येक तांबडे रंग उन्हाने फिकट व खडूसारखे होत. झाकलेल्या जागेतला नमुनाच खरा धरावा.

शिशाबाबत सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. शेंदूर, पिवळ्या-नारिंगी रंगांतील लेड क्रोमेट आणि झिंक क्रोमेटचा हिरवट पिवळा प्रायमर हे तिन्ही विषारी असून क्रोमेटे कर्करोगकारक आहेत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व पुढील वर्षी अमलात आले. परंतु ते घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतेच आहेत, आणि जुन्या यंत्रावरच्या जुन्या रंगास तर ते लागूच नाहीत. डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये कोरड्या पॉलिश पेपरने रंग उडविणारा पोरगा तोंडाला रुमालही बांधीत नाही आणि ती धूळ त्याच्या कपड्यांबरोबर घरी जाते. रंग पाण्याने भिजवूनच घासावा, हा नियम येथे यंत्रासाठी नसून माणसासाठी आहे.

येथे मूळ प्रश्नाकडे येतो : जुना पत्रा नवा करावा की जुनाच ठेवावा? वास्तूंच्या संदर्भात हा वाद जुना आहे. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ साली जी संस्था काढली, ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेल्या नवीकरणाचा निषेध म्हणूनच. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबले पाहिजे, अशा आशयाचे तत्त्व मान्य केले. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली ट्युरिन येथील सनदेत हेच तत्त्व वाहनांस लागू केले. त्यामुळे पाश्चात्य संग्राहकांत हल्ली उलटा प्रवाह दिसतो. झगझगीत रंगापेक्षा मूळचा विटलेला, ओरखडे पडलेला पत्रा अधिक मोलाचा मानतात, आणि गंजावर केवळ तेल वा मेण चोळून तो तसाच ठेवितात.

हे मत तत्त्वतः बरोबर आहे, पण ते कोरड्या हवेच्या देशांत जन्मलेले आहे असे मला वाटते. जोधपूरच्या किंवा फार तर अहमदनगरच्या कोठारात गंजाचा पातळ थर पन्नास वर्षे तसाच राहील. भाट्ये येथे तो राहणार नाही. ज्या गंजात क्लोराइड आहे तो गंज म्हणजे थांबलेला इतिहास नसून चालू असलेली क्रिया आहे. तिच्यावर मेण फासणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे होय. दुसऱ्या बाजूने, सगळा पत्रा नागवा करून मोटारीसारखा चकचकीत रंगविणे हेही मला मान्य नाही, कारण कारखान्यातून निघालेल्या बागायती ट्रॅक्टरावर तशी चकाकी कधीच नव्हती. रंगाचे ओघळ आणि झाऱ्याच्या खुणा त्यावर पहिल्या दिवसापासून असत. तेव्हा या किनाऱ्यावर मधला मार्ग काढावा लागतो. पत्र्याची बाहेरची बाजू धातू वाचविण्यासाठी आणि आतली बाजू पुरावा वाचविण्यासाठी, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी शक्य असते. बॉनेटाच्या आतल्या अंगास मीठ कमी व तेलाची वाफ अधिक लागते, आणि तेथे मूळ रंग, निरीक्षकाचे शिक्के, खडूचे आकडे टिकून असतात.

सर्वांत नाजूक प्रश्न ठिगळांचा. गावच्या लोहाराने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेटांनी बसविलेले ठिगळ काढून टाकावे काय? हौशी माणूस ते प्रथम काढतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ते शेवटी काढावे, शक्य तर काढूच नये. ठिगळावरून काळ ठरविता येतो. बोल्टांची मापे सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत, असतील आणि आटे व्हिटवर्थचे असतील, तर दुरुस्ती दशमान मापे रुळण्यापूर्वीची किंवा जुन्या साठ्यातली. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा असला तरी गावच्या भात्याशी सूत पुढे कित्येक दशके टिकले, हेही ध्यानात ठेवावे. खळगा शिशाच्या डाकाने भरला असेल तर हात जुन्या कारागिराचा. पॉलिएस्टरच्या लांबीने भरला असेल तर काम बरेच अलीकडचे, कारण ती लांबी परदेशातही १९५० नंतरच प्रचारात आली. किनाऱ्यावर या लांबीचा आणखी एक दोष आहे. ती ओलावा शोषते व आतून पत्रा खाते. म्हणून ती मात्र काढलीच पाहिजे. पण काढण्यापूर्वी तिची जागा, जाडी व रंग यांची नोंद करावी.

कृतीबद्दल विस्ताराने लिहिणे या पत्रिकेच्या स्वरूपास धरून नाही, तरी ज्या बाबतीत सर्रास चुका होतात तेवढ्या सांगतो. प्रथम छायाचित्रे, मग मोजमापे, मग एकेक भाग सुटा करणे. रंगाचे थर पाहण्यासाठी पाण्याच्या बारीक पॉलिश पेपराने लहानसे वर्तुळ उतरत्या काठाचे घासावे. झाडाच्या वर्तुळांसारखे थर उमटतात. गंज काढण्यास तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, वापरण्याची जी रीत शेडमधून दिसते ती या गावी आत्मघातकी आहे. जे क्लोराइड घालवायचे तेच आपण नव्याने घालतो. पुळणीची वाळू यंत्राने फवारून गंज उडविणे दुहेरी वाईट. वाळूत मीठ असते आणि सिलिकेच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. ब्रिटनमध्ये ओतकामाच्या सफाईसाठी सिलिका-वाळू फवारण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी केली ती याच कारणाने. त्यापेक्षा धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात पत्रा बुडवून, त्यास बॅटरीचे ऋण टोक जोडून मंद प्रवाह देणे हितावह. यात लोखंड खाल्ले जात नाही, गंज मोकळा होतो आणि क्लोराइडही पाण्यात उतरते. धन टोकास साधे लोखंड लावावे. स्टेनलेस पोलाद लावल्यास विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. ज्या भागावर मूळ रंग राखावयाचा आहे तो भाग या द्रावणात घालू नये. तेथे रंग सुटतो.

नंतरचे धुणे हाच कामाचा खरा गाभा. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी बहुधा मचूळ असते. त्याने शेवटचे धुणे करून चालत नाही. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे व त्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहावा. पांढुरका गढूळपणा आला तर मीठ अद्याप आहे, पुन्हा धुवावे. धीर सुटतो तो येथे. पाच-सहा वेळा धुतल्यावरही गढूळपणा जात नाही आणि कारागिराला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. परंतु त्या सहा धुण्यांवर पुढचा पावसाळा अवलंबून असतो. चेपलेला पत्रा मागे डॉली धरून हलक्या हातोडीने, कडेकडून मध्याकडे असा सरळ करावा. ठोकून ठोकून तो ताठर झाला तर मंद ज्वाळेने ऊन देऊन मऊ करावा. दुमडलेल्या कडांच्या पोटात रंग पोहोचत नाही. तेथे शेवटी पातळ केलेले मेण सोडावे आणि पाणी साचणार नाही अशी मूळची छिद्रे बुजली असल्यास मोकळी करावी.

जुन्या यंत्राला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नाही. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांची वस्तूच पुरावस्तू ठरते. किर्लोस्करांच्या आरंभीच्या नांगरांची शंभरी भरली. बागायती ट्रॅक्टराला अजून कित्येक वर्षे थांबावे लागेल. जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्राने जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात राखलेले वाहन स्वतंत्र नोंदणीस पात्र झाले, पण ते दुचाकी व प्रवासी मोटारींकरिता. शेतावरचे यंत्र त्या विचारातच आलेले नाही. त्याचे भवितव्य भंगाराच्या किलोच्या भावाने ठरते, आणि पावसाळ्यानंतर भंगारवाल्याची फेरी झाली की गंजलेले बॉनेट प्रथम जाते, कारण इंजिन पंपाला लावता येते, बॉनेट कशालाच लावता येत नाही. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याने पत्र्याची लेखी टाचणे यंत्राबरोबरच ठेवावीत : रंगाचे थर किती व कोणते, कोणते ठिगळ मूळचे, कोणते नवे, नव्या भागावर आतून वर्ष कोरलेले. बॉनेटाच्या आत तळहाताएवढी जागा, जशी सापडली तशी, केवळ काढता येण्याजोगा पारदर्शक लेप देऊन सोडावी.

रंगकामाच्या वेळेविषयी एक स्थानिक गोष्ट उरते. पत्र्याचे तापमान दवबिंदूहून निदान तीन अंश अधिक असल्याखेरीज रंग देऊ नये, हा सार्वत्रिक नियम आहे. भाट्ये येथे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ त्यास सोयीचा. पण त्यातही पहाटे दव पडते आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात. रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून येतात, त्यांत मीठ नसते. तेव्हा दव उडाल्यापासून वारा फिरेपर्यंतचे सकाळचे दोन-तीन तासच हाताशी उरतात. त्या वेळात एक हात द्यावा, पत्रा आडोशाला न्यावा, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा हात देण्यापूर्वी तो ऊर्ध्वपातित पाण्याने पुसून पुरता वाळवावा.